रेडिएटर किती खणांचा घ्यावा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या उन्हाळ्याचा हिशेब

जून संपत आला होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते. पाटणकर बाजाराजवळच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, भाच्याच्या टेबलावर मी भिंतीवरचा साधा थर्मामीटर काढून आणून ठेवला. पारा 34 वर. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांसारखंच आमचंही छत दगडी पाट्यांचं, दिवसभर तापतं आणि पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतं. खिडकीतला कूलर घरघरत होता, पण हवेत दमटपणा भरल्यामुळे नुसताच वारा देत होता. भाचा म्हणाला, "मामा, 240 चा रेडिएटर पुरेल ना? सगळ्या व्हिडिओंत तेच सांगतात." मी त्याला पारा दाखवला आणि विचारलं, "त्या व्हिडिओतल्या खोलीत किती होता?"

ते त्याने पाहिलंच नव्हतं. बहुतेक जण पाहत नाहीत, आणि पाण्यावर थंड होणारा गेमिंग कॉम्प्युटर बांधताना आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथेच होते. रेडिएटर निवडायचा तर आधी खोली मोजा, मग वॅट मोजा, दुकानाचा विचार त्यानंतर.

माझ्या बाबांचं लष्कर भागात मोटारींचे रेडिएटर झाळायचं दुकान होतं. ट्रकवाला आला की ते जाळीकडे बघायच्याही आधी दोन प्रश्न विचारायचे: माल किती भरतोस, आणि गाडी दुपारी चालवतोस की रात्री? पहिला प्रश्न उष्णतेचा, दुसरा हवेचा. कॉम्प्युटरच्या रेडिएटरलाही याच्यापलीकडे फारसं काही विचारायचं नसतं.

हवेचं आधी. लूपमध्ये, म्हणजे चिपवरून रेडिएटरपर्यंत आणि परत पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या फेऱ्यात, काहीही करा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होणार नाही. रेडिएटर मोठा करत गेलात तर पाण्याचं तापमान हवेच्या जवळ सरकत जातं, तिच्या खाली कधीच उतरत नाही. म्हणून पाण्याचं तापमान म्हणजे खोलीची हवा अधिक वरचा फरक. हा फरक तुमच्या हातात आहे, खोलीची हवा बरीचशी नाही. जिथे खोली 21-22 अंशांवर असते तिथे 20 अंशांचा फरक पडला तरी पाणी 42 वर थांबतं आणि माणूस खुशीत व्हिडिओ बनवतो. तेच ग्राफिक्स कार्ड, तोच रेडिएटर, तेच पंखे आमच्या वरच्या खोलीत आणा: 34 अधिक 20, म्हणजे 54. पंप बनवणारे पाण्याची मर्यादा बहुधा 60 अंश सांगतात. पीईटीजी प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्याही त्या तापमानाच्या आसपास नरम पडू लागतात, आणि सगळ्यात आधी जोडापाशी. 54 वर चालणारा लूप चालतो खरा, पण त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. एखाद्या दिवशी जाळी धुळीने भरलेली असली, एक पंखा बंद पडला, की संपलं.

मी स्वतः 45 ची रेघ आखतो. सगळ्यात वाईट दिवशी, सगळ्यात जड गेमला, पाणी 45 च्या वर जाता कामा नये. चांगला ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी जाणारा ठोकळा, नीट बसला असेल तर ग्राफिक्स कार्डाची चिप पाण्यापेक्षा 10 ते 15 अंश वर राहते, म्हणजे साठीच्या आत-बाहेर. हे उत्तम आहे.

आता सगळ्यात वाईट दिवस कोणता? इथे मीही बरीच वर्षं चुकत होतो. मे महिन्यात ग्वाल्हेरात पारा 45 च्या वर जातो, लू सुटते, साहजिकच मे सगळ्यात वाईट असं वाटतं. पण मेची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत कूलरचं गवत खरं काम करतं आणि खोली 30-31 वर येते. जूनच्या शेवटी, पावसाआधी, बाहेर 39-40 असतं आणि हवा दमट. तेव्हा कूलर थंडावा देत नाही आणि खोली 34-35 ला जाऊन बसते. बाहेरचा पारा मेपेक्षा कमी आणि खोलीचा जास्त! रेडिएटरला बाहेरच्या पाऱ्याशी देणंघेणं नाही, त्याच्या पंख्यात शिरणाऱ्या हवेशी आहे. म्हणून हिशेब जूनच्या शेवटच्या आठवड्याचा धरा. घरात एसी असेल तर 28 धरायला हरकत नाही, फक्त तो गेम खेळताना रोज लागणार आहे का, हे वीजबिल भरणाऱ्याला विचारून घ्या.

थर्मामीटर लावायचा तो कॉम्प्युटर चालू असताना, आणि दोन तास खेळून झाल्यावर. भाच्याच्या खोलीत गेम सुरू करताना 32.5 होतं, दोन तासांनी 34. ती वाढ कॉम्प्युटरनेच केलेली. पाणी उष्णता नष्ट करत नाही, चिपवरून उचलून खोलीत सोडतं. चार-पाचशे वॅट म्हणजे बंद खोलीत लहानसा हीटरच लावल्यासारखं आहे. दाराच्या वरची झडप उघडी ठेवली तर तेवढ्यानेही अंशभर फरक पडतो, तो आम्ही मोजला.

आता माल, म्हणजे वॅट. खोक्यावरचा आकडा आणि खेळतानाचा खर्च वेगळा असतो. भाच्याकडे रायझन 7 5800 एक्स3डी आहे, कागदावर 105 वॅटचा. गेममध्ये तो बहुधा 60 ते 75 घेतो. कार्ड आरटीएक्स 3080, कागदावर 320, आणि जड गेममध्ये ते खरोखरच 320 घेतं. गेमिंगच्या मशीनमध्ये उष्णतेचा डोंगर कार्डाचा असतो, प्रोसेसर ही टेकडी. इंटेलचा कोअर आय9 14900के 253 वॅटपर्यंत जातो हे खरं, पण ते सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या कामात. गेममध्ये बराच खाली राहतो. तुम्ही व्हिडिओ रेंडर करत असाल, थ्रीडीचं काम करत असाल, तर मात्र दोन्ही आकडे पुरे धरा. पंपाचेही 15-20 वॅट शेवटी पाण्यातच जातात. एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, उष्णता धरू नका, ती पाण्यात येत नाही.

जुनं मशीन हातात असेल तर अंदाज बांधत बसू नका. एचडब्ल्यूइन्फो हे वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास खेळा, सरासरी वॅट लिहून घ्या. एएमडीच्या रेडियन मालिकेतल्या काही कार्डांवर फक्त चिपचे वॅट दिसतात, मेमरी आणि बाकीचं वेगळं; अशा वेळी कार्डाच्या कागदावरचा एकूण बोर्ड पॉवरचा आकडा घ्या. भाच्याची बेरीज झाली अशी: 320, 75 आणि 15. एकूण 410.

रेडिएटर मोजताना मी खण म्हणतो. 120 मिलीमीटरच्या एका पंख्याखाली येणारी जाळी म्हणजे एक खण. 240 म्हणजे दोन खण, 360 म्हणजे तीन. ठोकताळा असा धरा की साधारण 30 मिमी जाडीच्या चांगल्या तांब्याच्या रेडिएटरचा एक खण, पंखा मिनिटाला बाराशे-तेराशे फेऱ्यांवर असताना, 10 अंशांच्या फरकाला सुमारे 100 वॅट बाहेर टाकतो. फरक दुप्पट होऊ दिला तर दुप्पट टाकतो. हे जवळपास सरळ प्रमाणात चालतं, आणि सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

तर मग: खोली 34, रेघ 45, हातात फरक 11 अंशांचा. एक खण 11 अंशांना 110 वॅट टाकेल. 410 ला 110 ने भागा, 3.7. म्हणजे चार खण लागतीलच. त्यावर मी एक खण वाढवतो, धुळीसाठी आणि पंखे हळू फिरवता यावेत यासाठी. पाच खण. भाच्याच्या मनातल्या 240 मध्ये दोनच खण होते. त्यांना 410 वॅट दिले असते तर फरक वीसच्या घरात, पाणी 54. तो वहीत भागाकार करून गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग ते व्हिडिओवाले खोटं बोलतात का?" नाही बोलत. त्यांच्या खोलीत त्यांचं बरोबरच आहे.

तुमचा हिशेब वेगळा येईल. 220 वॅटचं आरटीएक्स 4070 सुपर आणि सत्तरेक वॅटचा प्रोसेसर असेल तर पंपासकट तीनशेच्या आसपास. त्याच खोलीत तीन खण कसेबसे, चार आरामात. 575 वॅटचं आरटीएक्स 5090 घ्याल तर एकूण सातशेच्या जवळ जाल आणि साडेसहा खण हे किमान होईल. तिथे साध्या कॅबिनेटचा नाद सोडा.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी समजावून सांगत नाही. 140 च्या पंख्याचे रेडिएटर दिसायला थोडेच मोठे, पण क्षेत्रफळ काढून बघा: 120 गुणिले 120 म्हणजे 14,400 चौरस मिमी, 140 गुणिले 140 म्हणजे 19,600. एक मोठा खण म्हणजे 1.36 लहान खण. म्हणजे 280 चा रेडिएटर 2.7 खणांचा, 360 च्या अगदी मागोमाग, आणि पंखे मात्र दोनच. 420 म्हणजे चार खणांहून किंचित जास्त. कॅबिनेटमध्ये 140 ची जागा असेल तर ती वाया घालवू नका. आम्ही वर 360 आणि पुढे 280 बसवला, मिळून 5.7 खण.

जाडीचा मोह मात्र आवरा. 60 मिमीचा रेडिएटर 30 च्या दुप्पट काम करत नाही. हवा जाळीत शिरल्यावर पहिल्या काही मिलीमीटरांतच गरम होऊ लागते, मागच्या भागाला गरम हवाच मिळते. जोरात फिरणारे पंखे असतील तर जाडीचा फायदा दिसतो. शांत पंख्यांवर फार थोडा. जाडीचे पैसे आणखी एका खणात घाला.

जाळीच्या दाटपणाकडे आपल्याकडच्या माणसाने बारकाईने पाहायला हवं. एका इंचात किती पत्र्या आहेत ते मोजा. भाच्याला मी पट्टी जाळीवर ठेवून सुईच्या टोकाने एकेक पत्री मोजायला लावली होती, बारा भरल्या. दहा-बारा पत्र्यांची विरळ जाळी हळू पंख्यांना चांगली. वीस-पंचवीस पत्र्यांच्या दाट जाळीला जोराचे पंखे लागतात, आणि आपल्या धुळीत ती जाळी दोन महिन्यांत नमद्यासारखी भरते. बाबा ट्रकची जाळी उन्हाकडे धरून बघायचे, पलीकडचा उजेड किती दिसतो त्यावरून सांगायचे. तसंच करा. विरळ जाळीतून उजेड आरपार येतो, आणि सहा महिन्यांनी तो किती उरला हेही तशाच पाहण्याने कळतं. आम्ही होळीनंतर एकदा आणि दसऱ्याच्या साफसफाईत एकदा जाळी साफ करतो: पंखे काढून, मऊ ब्रशने, हवेच्या उलट दिशेने फुंकून. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. दमट हवेने बिघडत नाही, कारण रेडिएटर हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरत नाही; पण झोताबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब येतात आणि पत्र्यांवर पांढरी खपली चढवतात.

खण ठरले की ते कुठे बसणार ते टेपने मोजा. 360 चा रेडिएटर 360 मिमी लांब नसतो, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून 390-400 भरतो. जाडीत 30 चा रेडिएटर आणि 25 चा पंखा मिळून 55 मिमी. वर बसवताना हे 55 मिमी रॅमच्या डोक्यावर येतात का ते बघा. रंगीत दिव्यांची उंच रॅम असेल तर येतातच. स्क्रूची लांबीही आधी रेडिएटरबाहेर तपासा. लांब स्क्रू पत्र्यांतून थेट पाण्याच्या नळीत घुसतो, आणि मग ती नळी झाळणारा माणूस आता शोधून सापडत नाही.

दिशा कशी ठेवायची? शक्य तितक्या रेडिएटरांना खोलीची ताजी हवा मिळाली पाहिजे. पुढच्या रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा वरच्या रेडिएटरमधून बाहेर काढली तर वरचा निम्म्या ताकदीने राबतो, कारण त्याच्या लेखी खोली 34 ची नसून 39 ची असते. आम्ही पुढून आत, वरून बाहेर ठेवलं, पण मागचा पंखा उलटा करून आत हवा घेणारा केला, म्हणजे वरच्या रेडिएटरला थोडी ताजी हवा मिळते. पाणी आणि हवा यांतला फरक त्या एका बदलाने सव्वा अंशाने उतरला. रेडिएटर आधी कार्डाला जोडायचा की प्रोसेसरला, यावर मात्र डोकं शिणवू नका. मिनिटाला 3 लिटर पाणी फिरत असेल तर 410 वॅटने एका फेरीत ते 2 अंशांनीच तापतं. नळ्या जिथे सोप्या जातील तसा क्रम लावा.

आता दोन गोष्टी, ज्यांत पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत. पहिली म्हणजे प्रोसेसरचा आकडा बघून रेडिएटर वाढवणं. पाणी 40 वर आहे आणि रायझन 80 दाखवतोय, तर त्याचं कारण चिप लहान आहे आणि तिच्यातून ब्लॉकपर्यंत उष्णता येतानाच अडते हे आहे. आणखी तीन खण लावले तर पाणी 37 होईल आणि प्रोसेसर 77. त्याऐवजी ब्लॉक, चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट, व्होल्टेज बघा. रेडिएटर पुरेसा आहे का, हे फक्त पाणी आणि हवेतल्या फरकावरून कळतं. म्हणून लूपमध्ये पाण्याचा सेन्सर हवाच. तो स्वस्त असतो, आणि तो नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे.

दुसरी गोष्ट माझ्यावरच बेतलेली. पहिल्या लूपसाठी मी ऑनलाइन रेडिएटर मागवला, पानावर तांब्याचा लिहिला होता. हातात घेतला तर हलका लागला. तेव्हाच थांबायला हवं होतं. बाबांच्या दुकानात वाढलेल्या माणसाला वजन कळायला हवं. तरी बसवला. काही महिन्यांनी पाणी गढुळलं, ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरट गाळ बसला. तो रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा होता, ब्लॉक तांब्याचा, आणि एकाच पाण्यात हे दोन धातू आले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. आता नवा रेडिएटर आला की मी आधी कडेच्या एका पत्रीवर सुईने काळा रंग खरवडतो. लालसर चमकलं तर तांबं. पांढरं चमकलं तर डबा बंद करून परत. तोंडाच्या आट्यांतही टॉर्च मारून बघा, पितळ पिवळं दिसतं. मग कोमट डिस्टिल्ड वॉटर भरून, तोंड बंद करून, दोन्ही हातांनी खळखळवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या पाण्यात काळे कण निघतात, झाळकामातले. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा; आमच्याकडे पाच वेळा करावं लागलं.

पैसे कमी असतील तर खण वाढवण्याआधी वॅट कमी करून बघा. भाच्याच्या कार्डाची मर्यादा आम्ही आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून 320 वरून 270 वर आणली. त्याच्या नेहमीच्या गेममध्ये शंभराला चार-पाच फ्रेम गेल्या, त्याला खेळताना कळलंही नाही. 50 वॅट म्हणजे जवळजवळ अर्धा खण, एक पैसा न घालता. जूनमध्ये तो ही मर्यादा लावतो, दिवाळीनंतर काढतो.

सगळं जोडून झालं की परीक्षा घ्या, पण घाई न करता. सुरुवातीची दहा मिनिटं पाणी तापत जातं आणि आकडा फसवतो. पाऊण तास जड गेम चालू ठेवा, पंखे एकाच वेगावर अडकवून ठेवा, थर्मामीटर पुढच्या जाळीसमोर धरा, तेव्हा दोन्ही आकडे लिहा. आम्ही मागच्या जूनच्या 27 ला लिहिले, पुऱ्या 320 वॅटवर आणि पंखे हजार फेऱ्यांवर: हवा 34, पाणी 43.2. फरक 9.2. हिशेबापेक्षा थोडा जास्त, कारण वरच्या रेडिएटरला अजूनही थोडी गरम हवा मिळते. रेघेच्या आत मात्र पावणेदोन अंश शिल्लक.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, रजईत पाय घालून भाच्याने तीच परीक्षा पुन्हा घेतली आणि मला वही दाखवायला खाली आला. हवा 13, पाणी 22.1. फरक 9.1.